बचावपटू पारखताना

पिट्सबर्गमध्ये 22 जून 2012 च्या संध्याकाळी एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका आणि कॅनडात चालणाऱ्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या, 30 संघांनी तरुण खेळाडूंची निवड सुरू केली आणि पहिल्या दहा नावांत तब्बल 8 बचावपटू निघाले. रायन मरे, ग्रिफिन राइनहार्ट, मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम, मॅट डुम्बा, डेरिक पूलियॉट, जेकब ट्रूबा, स्लेटर कूकू. बचावपटूंच्या दृष्टीने हे वर्ष चांगलं आहे, हा सगळ्यांचा अंदाज होता आणि तो खोटा ठरला नाही. गंमत अशी की, पुढे निव्वळ बचावासाठी नावाजलेली तीन माणसं त्या आठांत नव्हतीच. एसा लिंडेल दुसऱ्या दिवशी 74 व्या क्रमांकावर निवडला गेला, कोल्टन पारायको 86 व्या आणि जेकब स्लेव्हिन चक्क 120 व्या.

स्लेव्हिन आज आइस हॉकीतल्या सर्वोत्तम बचाव करणाऱ्यांपैकी एक मानला जातो. कॅरोलायना हरिकेन्सकडून त्याने 700 हून अधिक सामने खेळले आहेत. त्याच्यापेक्षा 116 जागा आधी, म्हणजे चौथ्या क्रमांकावर, निवडलेल्या राइनहार्टच्या वाट्याला एनएचएलचे एकूण 37 सामने आले. राइनहार्ट उंच, धिप्पाड, ज्युनियर हॉकीत नावाजलेला. वडील पॉल राइनहार्ट स्वतः एनएचएलमध्ये बचावपटू होते. 2015 मध्ये एडमंटनने त्याला मिळवण्यासाठी न्यूयॉर्क आयलँडर्सना आपल्या 16 व्या आणि 33 व्या निवडीचे हक्क देऊन टाकले. त्यातल्या 16 व्या जागेवर आयलँडर्सनी मॅथ्यू बारझलला घेतलं आणि तो त्यांचा आघाडीचा खेळाडू झाला. जाणती माणसं, वर्षभर केलेली पाहणी, हाताशी चित्रफिती, आणि तरीही इतकी तफावत. ती का पडते, हे समजून घेतलं तर अठरा वर्षांच्या मुलात नेमकं काय बघायचं तेही कळतं.

आधी या निवडीची, म्हणजे ड्राफ्टची, रीत. इथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात आणि आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना आधी संधी मिळते. अगदी वरच्या जागांसाठी सोडत काढतात. आता संघ 32 आहेत आणि फेऱ्या 7, म्हणजे 224 नावं. त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 वर्षं पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं मात्र नाही. संघाला त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो, एवढंच. बहुतेक मुलं ड्राफ्टनंतर आपापल्या ज्युनियर संघात, अमेरिकन विद्यापीठात किंवा स्वीडन-फिनलंडच्या क्लबात परत जातात आणि पुढची काही वर्षं तिथेच खेळतात.

म्हणजे संघ आजचा खेळाडू घेत नाही, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीचा घेतो. आघाडीच्या खेळाडूबाबत हा अंदाज त्यातल्या त्यात सोपा. त्याने केलेले गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून त्याचे ‘गुण’ होतात आणि ते कागदावर राहतात. बचावपटूचं उत्तम काम म्हणजे जे घडलंच नाही ते. प्रतिस्पर्ध्याने पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन आत यायचं ठरवलं, समोर जागा दिसली नाही आणि तो माघारी वळला, तर त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. ही अडचण ज्युनियर पातळीपुरती नाही. सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा नॉरिस करंडक 1983 आणि 1984 मध्ये वॉशिंग्टनच्या रॉड लँगवेला मिळाला, तेव्हा त्याचे गुण जेमतेम तिशीत होते. त्यानंतर हा मान बहुतेक वेळा भरपूर गुण करणाऱ्यांकडेच गेला आहे. मोठ्यांच्या बाबतीत हे होतं, तर सतरा वर्षांच्या मुलाकडे तक्त्यातून बघणाऱ्याचा अंदाज चुकणं साहजिकच आहे.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवून बर्फाकडे बघू. एनएचएलचं मैदान सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद. दोन निळ्या रेषा त्याचे तीन भाग करतात. गोलरक्षक सोडून प्रत्येक बाजूचे पाच जण बर्फावर असतात, त्यातले दोन बचावपटू. प्रतिस्पर्धी आघाडीवीर पक घेऊन मधल्या भागातून वेगात येतोय आणि आपला बचावपटू त्याच्याकडे तोंड करून उलटा स्केटिंग करत मागे सरकतोय, हा क्षण पारखायचा. दोघांमधल्या अंतराला खेळातले लोक ‘गॅप’ म्हणतात. निळ्या रेषेपाशी हे अंतर साधारण दीड-दोन काठ्यांचं असेल, तर पक घेऊन येणाऱ्याला आत शिरणं कठीण जातं. त्याला पक नुसता आत ढकलून द्यावा लागतो. अंतर जास्त राहिलं, तर तो पक काठीवर ठेवून डौलात आत येतो. कबड्डीतला मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूला हात न लावताच त्याच्या चालीची जागा कमी कमी करत नेतो, तसंच हे काम.

हा फरक किती मोलाचा आहे हे एरिक टुल्स्की यांनी आकड्यांत दाखवलं. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस हौसेने हॉकीचं विश्लेषण करायचा. काठीवर पक ठेवून आत शिरलं, तर नुसता पक आत टाकण्याच्या तुलनेत गोलवर दुपटीच्या आसपास फटके मिळतात, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक प्रवेशाची नोंद ठेवून मांडलं. म्हणजे जो बचावपटू निळ्या रेषेवरच समोरच्याला पक सोडायला लावतो, तो पुढचे निम्मे फटके होण्याआधीच थांबवतो. टुल्स्की पुढे कॅरोलायनाच्या सेवेत गेले आणि 2024 मध्ये त्या संघाचे महाव्यवस्थापक झाले. स्लेव्हिन त्याच संघाचा बचावपटू, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता दुसरा क्षण, माझ्या मते सगळ्यात बोलका. प्रतिस्पर्ध्याने पक कोपऱ्यात टाकला. बचावपटूला उलट्या चालीतून वळून, पाठ करून, त्या पकमागे धावायचं आहे आणि मागून एक आडदांड आघाडीवीर त्याला मैदानाभोवतीच्या फळीवर चिरडायला येतोय. पकपाशी पोहोचून पुढे काय करायचं हे ठरवायला त्याच्याकडे सेकंद-दीड सेकंद असतो. इथे पकाकडे बघूच नका, मुलाच्या डोक्याकडे बघा. वाटेत त्याने खांद्यावरून मागे किती वेळा नजर टाकली? जाणता मुलगा एकदा निघतानाच बघतो, पुन्हा पकला काठी लागायच्या आधी बघतो. दुसऱ्या नजरेत त्याला कळतं की पाठलाग करणारा डावीकडून येतोय. मग तो खांदा डावीकडे झुकवून हूल देतो, उजव्या पायाच्या कडेवर वळतो आणि गोलच्या मागून बाहेर पडतो, नाहीतर मधल्या आघाडीवीराला छोटा, सपाट पास देतो. एवढ्यात खेळ आपल्या गोलपासून दूर गेलेला असतो. न बघता पोहोचणारा मुलगा मात्र घाबरून पक फळीवरच्या काचेवर आपटतो. तो निळ्या रेषेवर उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो आणि बचाव पहिल्यापासून सुरू होतो. प्रेक्षक ‘संकट टळलं’ म्हणून टाळ्या वाजवतात. वहीत टिपून घेणारा स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू पारखणारा माणूस, मात्र अशी वेळ एका सामन्यात किती वेळा आली ते मोजतो.

म्हणून ‘बचावात चांगला, पक हाताळण्यात कच्चा’ या शिफारशीवर माझा विश्वास नाही. ज्युनियर हॉकीत असा मुलगा खपून जातो, कारण त्याच्यामागे लागणारी पोरंही सतरा-अठराचीच असतात. एनएचएलमध्ये पाठलाग करणारा पंचवीस वर्षांचा, दुप्पट चपळ आणि ताकदवान असतो. पक बाहेर काढता येत नसेल तर मुलाला सतत आपल्याच गोलसमोर बचाव करावा लागतो आणि कितीही धीट असला तरी तो दमतो. एनएचएलमधल्या नावाजलेल्या बचावप्रधान खेळाडूंचे ज्युनियरमधले गुण तपासले, तर बहुतेकांकडे ते ठीकठाक असतात. ते गोल करायचे म्हणून नाही, त्यांच्या हातात पक सुरक्षित राहायचा म्हणून.

शरीराचं काय? 2004-05 चा संपूर्ण हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात वाया गेला आणि त्यानंतर लीगने नियम बदलले. दोन रेषा ओलांडून लांब पास देण्यावरची बंदी उठली. समोरच्याला काठीने अडकवणं, धरून ठेवणं यांवर पंच कडक झाले. उंच पण जड पायांचा बचावपटू त्याआधी धरपकड करून निभावून न्यायचा, ती सोय गेली. तरीही उंचीचं आकर्षण सुटलेलं नाही आणि ते सगळंच चूक आहे असंही नाही. लांब हात, लांब काठी यांनी जागा व्यापली जाते. 206 सेंटिमीटर उंचीचा झेडेनो चारा 1996 मध्ये 56 वा निवडला गेला, 2009 मध्ये त्याने नॉरिस करंडक घेतला आणि 1,680 सामने खेळला. पण दुसऱ्या टोकाला क्विन ह्यूज आहे, बेताच्या उंचीचा, 2024 चा नॉरिस विजेता. लेन हटसन तर अजून ठेंगणा. 2022 मध्ये संघांना दाखवायला तो डॉक्टरांचं पत्र घेऊन आला होता की, अजून माझी उंची वाढायची आहे. तो 62 वा निवडला गेला आणि 2025 मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा कॅल्डर करंडक घेऊन गेला. हे दोघे आक्रमक शैलीचे, हे खरं. मुद्दा पायांचा आहे. उंच मुलगा बघताना उंची विसरून पहिली तीन पावलं बघावीत आणि मागून पुढे वळताना कंबर मोकळी फिरते का ते बघावं.

अंगावर धडकून खेळणारा मुलगा नजरेत लगेच भरतो. मोठी धडक झाली की अख्खं स्टेडियम उभं राहतं. पण धडक मारायला निघालेला बचावपटू जागा सोडतो आणि चुकला तर मागे दोघांना एकट्या जोडीदाराने थोपवायचं असतं. स्लेव्हिनचा खेळ याच्या अगदी उलट. तो काठी पकच्या वाटेत ठेवतो आणि अंग माणसाच्या वाटेत. 2020-21 च्या हंगामात तो 52 सामने खेळला, दर सामन्यात तेवीसेक मिनिटं समोरच्या संघाच्या सर्वोत्तम खेळाडूंविरुद्ध, आणि साऱ्या हंगामात त्याला 2 मिनिटांची एकच शिक्षा झाली. सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडक बचावपटूला क्वचितच मिळतो. स्लेव्हिनने तो 2021 आणि 2024 असा दोनदा घेतला. हा मुलगा अंगावर जात नाही, ही तक्रार स्काउटच्या अहवालात दिसली, तर पुढचं पान वाचल्याशिवाय त्याला यादीतून खाली ढकलू नये.

आकडे कामाचे आहेत, पण कुठले हे बघावं लागतं. जुना ‘प्लस-मायनस’ म्हणजे खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल, पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे, सोडून. एका सामन्यात एक संघ सरासरी तीनेक गोल करतो. इतक्या थोड्या घटनांवर एका मुलाची किंमत ठरवली, तर त्याच्या गोलरक्षकाचं बरंवाईट त्याच्या नावावर जमा होतं. मजबूत संघातला साधा बचावपटू प्लसमध्ये दिसतो, दुबळ्या संघातला चांगला मायनसमध्ये. त्यापेक्षा फटक्यांचा हिशेब बरा. बफेलोचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी आपल्या गोलरक्षकांवरचा ताण मोजायला सगळे फटके मोजायचे, अडवलेले आणि हुकलेलेसुद्धा. त्यांच्याच नावाने ही पद्धत रूढ झाली. ज्युनियर लीगमध्ये इतकी बारीक नोंद सगळीकडे मिळत नाही, म्हणून अनेक संघ आपली माणसं चित्रफितींपुढे बसवून निळ्या रेषेवरचा प्रत्येक प्रवेश आणि कोपऱ्यातला प्रत्येक पक मोजून घेतात.

त्याच्याबरोबर दोन साध्या गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षक त्याला कोणासमोर उतरवतो? आणि एका गोलची आघाडी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत तो बर्फावर असतो की बाकावर? आपल्या मुलांना रोज बघणाऱ्या प्रशिक्षकाचं हे मत कुठल्याही अहवालापेक्षा प्रामाणिक असतं, कारण ते त्याने सामना हरण्याची जोखीम घेऊन दिलेलं असतं. कुठली लीग, हेही आलंच. स्वीडनच्या मुख्य लीगमध्ये सतरा वर्षांचा मुलगा मोठ्या पुरुषांविरुद्ध आठ मिनिटं खेळतो, तर त्याचे गुण शून्य असले तरी ती आठ मिनिटं कॅनडातल्या ज्युनियर सामन्याच्या पंचवीस मिनिटांइतकी वजनदार असू शकतात.

वय हा तर या सगळ्यावरचा गुणक. ड्राफ्टच्या एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं असतात, आणि त्या वयात वर्षभराने हाडामांसात केवढा फरक पडतो हे घरात किशोरवयीन मुलं असलेल्या कुणालाही सांगायला नको. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की तिथल्या वरच्या दर्जाच्या हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते, कारण लहानपणी गट 1 जानेवारीपासून पाडले जातात आणि मोठी दिसणारी मुलं आधी निवडली जातात. पारख करणाऱ्याने जन्मतारीख पहिल्याच ओळीत लिहावी.

मॅथ्यू शेफरचं उदाहरण घ्या. जन्म 5 सप्टेंबर 2007. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर तो 2026 च्या वर्गात गेला असता. ड्राफ्टच्या हंगामात आधी आजारपण, मग डिसेंबर 2024 मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत लॅटव्हियाविरुद्ध गोलच्या खांबावर आदळून कॉलरबोन मोडलं. ओंटारियोच्या लीगमध्ये त्याचे जेमतेम 17 सामने झाले आणि त्यांत 22 गुण. तरी जून 2025 मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्याला सर्वांत पहिला निवडला. जवळजवळ सगळ्यांपेक्षा लहान असूनही त्याचं स्केटिंग आणि नजर इतकी पुढे होती की सामने कमी असल्याची उणीव कुणाला बोचली नाही. उलट बाजूला पारायको. 2011 च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. उशिरा उंची धरलेला हा मुलगा अल्बर्टातल्या दुय्यम लीगमध्ये खेळत होता. वर्षभराने सेंट लुईसने त्याला घेतलं आणि 2019 मध्ये त्या संघाने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा तो त्यांच्या बचावाचा कणा होता.

ड्राफ्टच्या आधी जूनमध्ये बफेलोला निवडक मुलांची शारीरिक चाचणी होते. सायकलवर तीस सेकंद जीव तोडून पॅडल मारणं, उड्या, पुल-अप्स, वैद्यकीय तपासणी, मुलाखती. या चाचणीत बर्फावर एकही कसोटी नसते. 2014 मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही आणि त्याची सगळीकडे चर्चा झाली. हा आघाडीचा खेळाडू 2025 मध्ये स्टॅनले कपच्या लढतींतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुलाखतींना मी जास्त महत्त्व देईन. संघांची माणसं मुलाशी तर बोलतातच, शिवाय त्याचे प्रशिक्षक, शिक्षक आणि ज्या कुटुंबात तो राहतो त्यांच्याशीही बोलतात. कॅनडात सोळाव्या वर्षी मुलं घर सोडून दुसऱ्या गावच्या यजमान कुटुंबात राहायला जातात. सामना हरून आलेला मुलगा जेवणाच्या टेबलावर कसा वागतो हे त्या घराला माहीत असतं. चूक झाल्यावर पुढच्याच पाळीत तो पुन्हा निळ्या रेषेवर उभा राहतो की घाबरून मागे सरकतो, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे मिळतं.

आणि वेळ. स्लेव्हिन, पारायको, लिंडेल या तिघांचाही एनएचएलमधला पहिला सामना 2015-16 च्या हंगामात झाला, निवडीनंतर तीन वर्षांनी. स्लेव्हिन मधल्या काळात कोलोरॅडो कॉलेजात होता, पारायको अलास्कातल्या विद्यापीठात, लिंडेल फिनलंडमध्ये. बचावपटूला खेळ वाचायला शिकावं लागतं आणि ते वाचन मोठ्यांमध्ये खेळूनच येतं. घाईने वर आणलेला मुलगा रोज चुका करतो, धास्तावतो आणि पक काचेवर आपटायची सवय लावून घेतो.

माझं मत विचाराल तर ते असं. निव्वळ बचावावर मी कुणाही मुलाला पहिल्या दहात घेणार नाही. तिथे पक खेळवणाराही हवा. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीत, जिथे बहुतेक संघ एखादा गोल जास्त करणाऱ्या आघाडीवीरावर नशीब आजमावतात, तिथे मोकळ्या पायांचा, खांद्यावरून दोनदा मागे बघणारा, धडकेपेक्षा काठीवर भरवसा ठेवणारा आणि वर्गात वयाने लहान असलेला बचावपटू मी डोळे मिटून घेईन. त्याची उंची शेवटी बघेन. त्याचा प्लस-मायनस बघणारच नाही.

दरवर्षी 26 डिसेंबरला वीस वर्षांखालच्यांची जागतिक ज्युनियर स्पर्धा सुरू होते. त्यातला एखादा सामना बघायला मिळाला तर एक करा. कुठल्याही संघाचा एकच बचावपटू निवडा आणि पहिला वीस मिनिटांचा भाग संपेपर्यंत, पक कुठेही असला तरी, फक्त त्याच्याकडे बघा. त्याचं डोकं किती वेळा वळलं ते मोजा आणि मगच त्याचा तक्ता उघडा.